रायगड किनाऱ्यावरील तोफा आणि धातूवरील ऑक्साइडचा थर : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कुलाबा, रेवदंडा, कोर्लई व जंजिरा या किल्ल्यांवर आजही अनेक तोफा आढळतात. त्यांचा विचार बहुधा लांबी, पल्ला आणि आख्यायिका यांच्या आधारे केला जातो. त्यांच्या पृष्ठभागाकडे इतिहासाचे साधन म्हणून सहसा पाहिले जात नाही. तोफेवरील ऑक्साइडचा थर हा केवळ नाशाचा अवशेष नसून ऐतिहासिक पुराव्याचा भाग आहे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

थराची निर्मिती

तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड विरघळेनासे होते, या शोनबाइन यांच्या निरीक्षणाची चर्चा 1836 मध्ये त्यांच्यात व मायकेल फॅरेडे यांच्यात झाली. पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण हे त्याचे कारण असावे, असे फॅरेडे यांनी सुचविले. या अतिसूक्ष्म थराच्या वाढीची उपपत्ती काब्रेरा व मॉट यांनी 1949 मध्ये मांडली. त्यांच्या मते धातूतील इलेक्ट्रॉन पातळ थर ओलांडून पृष्ठभागावरील ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्यामुळे निर्माण होणारे विद्युतक्षेत्र धातूचे आयन बाहेर ओढते आणि थर वाढतो. थर जाड होताच हे क्षेत्र क्षीण होते व सामान्य तापमानात काही नॅनोमीटरनंतर वाढ जवळजवळ थांबते. अॅल्युमिनियमचे रक्षण असाच थर करतो.

खारी हवा आणि दोन धातू

समुद्रकिनारी हे संरक्षण टिकत नाही, कारण मिठातील क्लोराइड आयन थराचा भेद करतात. ओतीव लोखंडावरील गंज सच्छिद्र असतो. त्यातून ओलावा व क्लोराइड आत शिरतात आणि पापुद्रे सुटू लागतात. ब्राँझवर प्रथम तांबूस क्युप्रस ऑक्साइडचा व त्यावर हिरवट क्षारांचा थर येतो. तो बराच घट्ट असल्याने झीज मंदावते. परंतु आत क्लोराइड अडकल्यास दमट हवेत हिरवी भुकटी सुटू लागते. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या टिकाऊपणाचे श्रेय आर. बालसुब्रमणियम यांनी लोखंडातील फॉस्फरसमुळे बनलेल्या संरक्षक थरास दिले. तथापि तो स्तंभ समुद्रापासून दूर आहे आणि त्याचे लोखंड घडीव आहे; म्हणून तो दाखला किनाऱ्यावरील बिडाच्या तोफांना लागू पडत नाही.

आख्यायिका आणि पुरावा

जंजिऱ्यावरील कलालबांगडी ही तोफ पंचधातूची असून ती गंजत नाही, असे परंपरेने सांगितले जाते. तांबडा गंज न दिसणे एवढ्यावरून मात्र धातू ठरविता येत नाही. तांब्याचे मिश्रधातूही ऑक्सिजनशी संयोग पावतात, फक्त त्यांचा थर निराळा असतो. तोफेला धक्का न लावता केलेले रासायनिक विश्लेषणच याचा निर्णय देऊ शकते.

कुलाबा किल्ल्यावरील गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफांची साक्ष अधिक स्पष्ट आहे. त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर लोह कारखान्याचे नाव आहे. हा कारखाना 1791 मध्ये सुरू झाला, तर कान्होजी आंग्रे यांचे निधन 1729 मध्ये झाले. म्हणजे किल्ला आंग्र्यांच्या पराक्रमाचा असला, तरी या तोफा कान्होजींच्या काळातील असू शकत नाहीत. हा निष्कर्ष ज्या अक्षरांवर उभा आहे, ती धातूच्या अगदी वरच्या भागात आहेत.

निष्कर्ष

यावरून जतनाचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांचाही ठरतो. गंज खरवडणे किंवा त्यावर सरसकट तैलरंग फासणे हे उपाय वरवर चांगले दिसतात; पण खरवडण्याने अक्षरे जाऊ शकतात आणि रंगाखाली अडकलेले क्लोराइड झीज चालूच ठेवतात. प्रथम अक्षरांचे छायाचित्रण व ठसे, मग धातूचे विश्लेषण, त्यानंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली क्लोराइड काढणे आणि शेवटी संरक्षक लेप, असा क्रम आवश्यक आहे. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांतील इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी पहिल्या टप्प्याचे काम एकत्र हाती घेतल्यास आणखी एका पावसाळ्यात झिजणारी अक्षरे निदान कागदावर तरी वाचतील.