गाथा, सूचि आणि खिशांतलें दप्तर

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देहूरोड नांवाचें स्थानक आहे. लष्कराची छावणी आणि युद्धसामग्रीचीं कोठारें यांमुळें हें गांव नकाशावर ठळक झालें; पण त्याचें नांव पडलें तें देहूकडे जाणाऱ्या वाटेवरून. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूस प्रस्थान ठेवलेली तुकोबांची पालखी दुसऱ्या दिवशीं आकुर्डीच्या मुक्कामास जाते, तीहि याच गांवावरून. लाखोंच्या त्या मेळ्यांत मोबाइलचें जाळें बहुधा गुदमरतें. हांक लागत नाहीं, निरोप पोंचत नाहीं. तरीहि ज्याच्या मोबाइलमध्यें गाथेचें ॲप आहे आणि त्या ॲपमध्यें सबंध गाथा सांठविलेली आहे, त्यानें अभंगाचा पहिला शब्द लिहिला कीं निमिषार्धांत सारा अभंग पडद्यावर उभा राहतो. तें उत्तर दूरच्या कोणत्याहि कचेरींतून आलेलें नसतें. प्रश्न खिशांतल्या खिशांत सुटलेला असतो. अशा जवळच्या सांठ्याला जाणकार 'स्थानिक डेटाबेस' म्हणतात.

नांव नवें असलें, तरी त्यामागची निकड जुनी आहे. ग्रंथ जवळ कसा राहावा, आणि जवळ राहिलेल्या ग्रंथाला नेमका प्रश्न कसा विचारावा, हे दोन प्रश्न तुकोबांच्या गाथेपुढें साडेतीन शतकें उभे आहेत. देहूची कथा त्या दोहोंचीहि साक्ष देते.

पहिल्या प्रश्नाची कथा महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या, तुकोबा तेरा दिवस निराहार बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असें परंपरा सांगते. त्या परंपरेच्या शेजारीं दुसरीहि एक हकीकत नांदते. अभंग लोकांच्या मुखीं होते आणि टाळकऱ्यांच्या वह्यांत होते, म्हणून ते वांचले, असें ती सांगते. चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ हे तुकोबांचे लेखक म्हणून प्रसिद्ध आहेत. आज जेथें कारखान्यांचे भोंगे वाजतात, त्या चाकणच्या बाजूस एका तेल्याच्या घरीं अभंगांच्या वह्या जपल्या गेल्या. एकुलती एक वही बुडाली तर ग्रंथ बुडतो. पण गांवोगांवीं वह्या असल्या, तर नदीचें कांहीं चालत नाहीं. खिशांतल्या सांठ्याचें मर्म याहून निराळें नाहीं. दूरचें कोठार बंद पडलें, मधला तार तुटला, तरी जवळची प्रत उत्तर देते.

परंतु प्रती वाढल्या म्हणजे त्यांत भेदहि वाढतात. १८६९ व १८७३ या सालीं मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यांतून तुकोबांच्या गाथेचे दोन खंड बाहेर पडले. मुंबई सरकारच्या साहाय्यानें निघालेल्या या आवृत्तीचें काम विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं केलें. देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या समोर ठेवून त्यांनीं पाठ ताडून पाहिले. कोठें एका पोथींत अभंग आहे तर दुसरींत नाहीं. कोठें एकच शब्द दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं लिहिलेला. पुढें १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनीं संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें तेराशें अभंग आहेत. उलट १९५० सालीं सरकारनें काढलेल्या आवृत्तींत अभंगांची संख्या ४६०७ आहे. तेव्हां 'अमुक अभंग गाथेंत नाहीं' असें कोणी म्हटलें, तर 'कोणत्या गाथेंत?' हा प्रश्न ओघानेंच येतो.

दुसरा प्रश्न शोधाचा. कीर्तनकाराची गाथा मुखोद्गत असे. प्रमाण हवें त्या क्षणीं ओठांवर येई. ज्याचें पाठांतर नव्हतें, त्याला पोथी पानोपान चाळावी लागे. गाथा छापली गेल्यावर अखेरीस अभंगांची अकारविल्हे सूचि देण्याचा प्रघात पडला, आणि साध्या वाचकालाहि कीर्तनकाराच्या स्मरणशक्तीचा थोडा वांटा मिळाला. सूचीचें रहस्य इतकेंच कीं, ती अभंग सांगत नाहीं, अभंगाची जागा सांगते. चार हजार अभंग वाचण्याऐवजीं दोन-चार पानें उलटलीं कीं काम होतें.

गणकयंत्रांच्या जगानें हीच वाट पुन्हां चोखाळली. १९७० पर्यंत यंत्रांतील माहिती काढावयाची, तर ती कोठें व कशी ठेवली आहे याची वाट कार्यक्रम लिहिणाराला ठाऊक असावी लागे. कोठाराची रचना बदलली कीं सारे कार्यक्रम पुन्हां लिहावे लागत. त्या वर्षीं आयबीएम कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें असें मांडलें कीं, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. विचारणारानें 'काय हवें' एवढेंच सांगावें आणि 'कोठून व कसें आणावें' हें यंत्रावर सोपवावें. १९७४ मध्यें त्याच कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं अशा विचारणेसाठीं इंग्रजी वाक्याच्या धर्तीवर एक भाषा योजली. तीच आज एसक्यूएल या नांवानें ओळखली जाते. त्याच सुमारास बोइंग या विमानांच्या कंपनींत बायर व मॅक्क्राइट यांनीं 'बी-ट्री' नांवाची सूचीची रचना शोधून काढली. तीमध्यें सूचीचीहि सूचि असते: पहिलें पान सांगतें कोणतें पान उघडावें, तें पान सांगतें पुढें कोठें जावें. नोंदी लाखोंनीं वाढल्या, तरी उलटावयाचीं पानें एक-दोनांनींच वाढतात.

मात्र अशीं बरींच कोठारें मोठ्या यंत्रांवर, दूर राहिलीं. विचारणारा एकीकडे, सांठा दुसरीकडे, आणि मध्यें 'सर्व्हर' नांवाचा कारभारी. हा कारभारी काढून टाकणाऱ्या एका यंत्रणेची कल्पना निघाली ती लष्करी कामांतून. २००० सालीं रिचर्ड हिप हे अमेरिकन नौदलाच्या 'ऑस्कर ऑस्टिन' या विनाशिकेसाठीं चाललेल्या कामावर होते. युद्धांत जहाजाची नळी फुटली, तर कोणती झडप बंद करून पाणी कोणत्या वाटेनें वळवावें, हें सांगणारा तो कार्यक्रम होता. त्याची माहिती निराळ्या सर्व्हरवर असे. तो सर्व्हर बंद पडला कीं पडद्यावर 'डेटाबेसशीं संपर्क होत नाहीं' एवढाच निरोप येई. जहाजास भोंक पडलें असतां असें उत्तर कोणाच्या कामाचें? हिप यांनीं विचार केला कीं, माहिती त्याच यंत्रांतील एका साध्या फाइलींत ठेवून कार्यक्रमानेंच ती वाचली, तर मध्यस्थाची गरजच काय? त्या विचारांतून त्याच वर्षीं 'एसक्यूलाइट' ही यंत्रणा निर्माण झाली. तिच्यावर कोणाचाहि स्वामित्वहक्क ठेवलेला नाहीं. पुढें आयफोन व अँड्रॉइड या दोन्ही जातींच्या मोबाइलांत ती मुळापासून बसविली गेली, आणि ज्याच्या हातांत असा मोबाइल आहे त्याच्या हातांत हें दप्तर आपोआप आलें.

गाथेचें उदाहरण घेतलें म्हणजे तिचें काम सहज ध्यानांत येतें. एक कोष्टक कल्पावें: पहिल्या रकान्यांत अभंगाचा क्रमांक, दुसऱ्यांत आरंभाचे शब्द, तिसऱ्यांत सबंध अभंग. ४६०७ अभंगांच्या ४६०७ ओळी. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास या सांठ्यांत सामान्यतः तीन बाइट जागा लागते. तरीहि सारी गाथा मोबाइलनें काढलेल्या दोन-चार छायाचित्रांएवढ्या जागेंत मावते. आरंभाच्या शब्दांची सूचि केली नसेल, तर यंत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाथा वाचीत जातें. सूचि असेल, तर एसक्यूलाइटचीं दोन-तीन पानें उघडून अभंग हातीं लागतो. हें पान नित्याच्या योजनेंत ४०९६ बाइटांचें असतें. अभंगाच्या पोटांतला शब्द शोधावयाचा असला, तर आरंभाची सूचि उपयोगीं पडत नाहीं. तेथें प्रत्येक शब्दाची निराळी सूचि लागते: हा शब्द कोणकोणत्या अभंगांत आला, याची यादी. 'तुका' या शब्दाची अशी यादी जवळजवळ सबंध गाथेएवढी होईल आणि शोधणाराच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. विरळ शब्दाची यादी दोन-चार क्रमांकांची असेल, आणि तीच खरी कामाची. प्रश्न जितका नेमका, तितकें उत्तर मोलाचें, हा न्याय पाठांतर केलेल्या कीर्तनकाराला जसा लागू, तसाच यंत्रालाहि.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. पण मराठी वाचकाला जपावें लागतें तें स्थळ यापुढें येतें. शब्दांची सूचि करण्यापूर्वीं वाक्याचे शब्द पाडावे लागतात, आणि एसक्यूलाइटची नित्याची योजना अक्षरें व अंक यांनाच शब्दाचे घटक मानते. देवनागरींतील मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार जागतिक लिपिकोशांत, म्हणजे युनिकोडमध्यें, 'अक्षर' या वर्गांत नसून 'चिन्ह' या वर्गांत आहेत. परिणामीं मात्रा आली कीं शब्द तेथें तुटतो. 'तुका' या शब्दाचे 'त' आणि 'क' असे दोन तुकडे पडतात, आणि 'तिकी', 'तोके' असे कसलेहि जुळारे त्याच जागीं येऊन बसतात. अशा सूचींत मागितलेलें सांपडतें तें न मागितलेल्याच्या गर्दींत. सूचि बांधतांना चिन्हांचे वर्गहि शब्दांत धरावे, अशी एका ओळीची सूचना दिली कीं हा दोष जातो; पण ती सूचना द्यावी लागते हें ज्याला ठाऊक आहे, तोच देतो.

दुसरी अडचण वर्णक्रमाची. मराठी बाराखडी शिकलेल्या मुलालाहि ठाऊक आहे कीं 'ळ' हें अक्षर 'ह'च्या नंतर येतें. १९८८ च्या भारतीय लिपिसंकेताच्या आधारें १९९१ मध्यें युनिकोडांत देवनागरी बसविली गेली, तेव्हां 'ळ'ला 'ल'च्या शेजारीं जागा मिळाली. सर्व भारतीय लिप्यांचा एकच आराखडा करावयाचा, म्हणून ही सोय झाली. यंत्र मात्र अन्य सूचना नसेल तर संकेतांकांवरूनच क्रम लावतें. म्हणून त्याची सूचि छापील गाथेच्या सूचीशीं जुळत नाहीं.

तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म आहे. 'वारकऱ्यांचा' या शब्दांतील 'ऱ्या' हें जोडाक्षर यंत्रांत एकाहून अधिक तऱ्हांनीं लिहितां येतें: एका तऱ्हेंत 'ऱ' हें स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसरींत साध्या 'र'ला एक अदृश्य सांधणारें चिन्ह लावतात. डोळ्यांना दोन्ही एकच. बाइटांना मात्र दोन भिन्न शब्द. गाथा एका तऱ्हेनें भरली आणि वाचकाच्या कळफलकानें दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलें, तर समोर असलेला शब्दहि 'सांपडला नाहीं' असें उत्तर येतें. जुन्या छापील गाथेंतील 'नाहीं' आणि आजच्या शाळेंतील 'नाही' यांचीहि पूर्ण शब्दाच्या शोधांत अशीच फारकत होते. सांठविलेला पाठ जसाच्या तसा राखून, शोधापुरतें दोन्ही लेखनांस एक रूप देणारा निराळा रकाना ठेवणें हा त्यावरचा उपाय आहे. मूळ पाठास हात लागत नाहीं, आणि शोधणाराहि रिकाम्या हातानें परतत नाहीं.

या अडचणी तांत्रिक वाटतात, परंतु त्यांच्या पोटीं गंभीर गोष्ट आहे. चुकीचा अभंग समोर आला, तर वाचक वाचून तो बाजूस सारतो. पण 'नाहीं' हें उत्तर वाचून पाहतां येत नाहीं. तें एकदम खरें वाटतें. तुकोबांच्या नांवावर कोणी कांहीं खपविलें काय, अथवा तुकोबांचेंच वचन कोणी नाकारलें काय, हा वाद महाराष्ट्रांत वारंवार होतो. अशा वादांत घरोघरचा मोबाइल साक्षीस काढला जातो. त्या साक्षीदारानें कोणत्या पोथीवरून बोलत आहों हें सांगितलें नाहीं, आणि त्याला मराठी मात्रा नीट वाचतां आल्या नाहींत, तर तो निर्दोष चेहऱ्यानें खोटी साक्ष देईल. पंडितद्वयानें चार गांवच्या पोथ्या ताडून पाठभेद नोंदविले. तेच व्रत आजच्या ॲपकारालाहि पाळावें लागेल. आपली गाथा कोणत्या आवृत्तीवरून घेतली, ती केव्हां तपासली, शोध कोणत्या नियमानें चालतो, एवढ्या तीन गोष्टी त्यानें पहिल्याच पानावर लिहाव्या. खिशांतली प्रत मूळ दुरुस्त झालें तरी स्वतः होऊन सुधारत नाहीं; नवी प्रत उतरवून घेईपर्यंत जुनी चूक तीमध्यें तशीच राहते, हेंहि वाचकानें ध्यानांत ठेवावें.

देहूच्या देवळांत आजहि एक वही जपून ठेवलेली आहे. ती तुकोबांच्या हातची 'भिजकी वही' होय, असें मानतात. तिच्या शेजारीं ४६०७ अभंग वीतभर यंत्रांत वागविणारी पिढी उभी आहे. पाण्याचें भय आतां उरलें नाहीं. प्रत नेमकी आणि विचारणा मराठीला साजेशी राखणें, एवढें काम तिच्याकडे आहे; जगनाड्यांच्या बोरूचें कामहि याहून फारसें वेगळें नव्हतें.