वाड्याचा दरवाजा आणि दरवाजातली माणसे

१/ नाशिकच्या सराफ बाजारालगत पेशवेकालीन सरकारवाडा आहे. जिल्ह्यातच, मुंबई-आग्रा मार्गावरील चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. अशा वाड्यांत गेले की नजर प्रथम कोरीव खांबांकडे जाते. परंतु मराठेशाहीतला वाडा जितका वैभवासाठी, तितकाच भीतीपोटीही बांधला जाई.

२/ सुरुवात दरवाजापासून करावी. मोठ्या वाड्याच्या सागवानी फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे असत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये, हा त्यांचा हेतू. आतून भिंतीत सरकणारा अडसर दार धरून ठेवी.

३/ एरवी थोरला दरवाजा बंदच. ये-जा चाले ती त्याच्या पोटातल्या दिंडीतून. दिंडीतून माणूस एकावेळी एकच आणि तोही वाकून आत येतो. म्हणजे तलवार उपसण्याआधी त्याची मान पहारेकऱ्यापुढे येते.

४/ दिंडी ओलांडली की दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहाऱ्याच्या ओवऱ्या. पुढे एकामागून एक चौक. परका माणूस बहुधा पहिल्याच चौकात थांबे. माडीवर नेणारे जिने अरुंद, अंधारे, अनेकदा भिंतीच्या जाडीतच काढलेले. वर झडप टाकली की जिना बंद. धान्य आणि ऐवज बळदात किंवा तळघरात.

५/ हीच काळजी दूरच्या जपानातही दिसते. क्योतोच्या निजो किल्ल्यातील निनोमारू प्रासादात पाऊल पडताच लाकडी ओसरी पाखरासारखी चिवचिवते. चोराची चाहूल लागावी म्हणून ही योजना, अशी तिची ख्याती. ती खरोखर हेतुपुरस्सर होती का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शोगुनच्या भेटीच्या दालनात मात्र त्याच्या आसनाजवळच अंगरक्षकांसाठी दाराआडची खोली होती. देवडी काय आणि ही खोली काय, भिस्त अखेर माणसावरच.

६/ ही भिस्त किती ठिसूळ असते, ते पुण्यात दिसले. शनिवारवाड्याला तटबंदी होती, बुरूज होते, खिळ्यांचा दिल्ली दरवाजा होता. तरीही ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दुपारी नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून झाला. मारेकरी परके नव्हते. पेशव्यांच्याच पदरचे गारदी होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून ते आत शिरले. कटात नाव आले ते सख्ख्या चुलत्याचे, रघुनाथरावांचे. ज्यांच्या आश्रयाला नारायणराव धावले, तेही हेच.

७/ या घटनेचे दोन्ही धागे नाशिकला येऊन मिळतात. नाशिकजवळच्या आनंदवल्लीला रघुनाथरावांचे वास्तव्य असे. तेथून जवळच, गंगापूरला, नारायणरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पुण्यापासून दूर राहत होत्या. थोरल्या विश्वासरावापाठोपाठ पती आणि मग माधवराव गेले होते. आता हाही पुत्र गेला.

८/ पुढच्या वेळी एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीतून वाकून आत जाल, तेव्हा खांबांकडे वळण्यापूर्वी क्षणभर देवडीपाशी थांबा. वाड्याची खरी ताकद दाराच्या खिळ्यांत नव्हे, तर या दोन ओवऱ्यांत बसणाऱ्या माणसांच्या इमानात होती.