माहितीच्या हक्कात खडी कुठून आली?

माहिती अधिकार कायदा 2005 च्या दुसऱ्या कलमात एक विलक्षण तरतूद आहे. कागद बघणं, नकला घेणं हे समजू शकतं. पण चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क तिथं नागरिकाला दिला आहे. माहितीच्या कायद्यात खडी-सिमेंट कुठून आलं?

या कायद्याची कुळी सहसा स्वीडनच्या 1766 सालच्या कायद्यापासून सांगतात. मग सर्वोच्च न्यायालयातला राजनारायण खटला, माहिती अधिकारासाठीचं अण्णा हजारेंचं 2003 सालचं उपोषण. पण स्वीडनचा कायदा छापील मजकुराचा आणि दप्तराचा. आपल्याकडं 1872 च्या पुरावा कायद्यातही नक्कल मिळायचीच, मात्र कागद पाहण्याचा हक्क ज्याला आहे त्यालाच. मजूर त्यात कुठं बसणार?

माझ्या मते कामाची पाहणी करण्याचा हा हक्क दुष्काळी कामांच्या मस्टरमधून, म्हणजे हजेरीपटातून, जन्मला. 1972 च्या दुष्काळात बीडची माणसं खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, 1977 साली तिचा कायदा झाला. अशा कामावर मजुराची मजुरी मस्टरवर ठरते, आणि मस्टरवर न आलेल्याचाही अंगठा उमटू शकतो. ती खोटी हजेरी उघडी पाडायला कागद आणि प्रत्यक्ष काम दोन्ही पाहावं लागतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनावण्यांत मस्टरं गावासमोर वाचली, ती यासाठीच.

मग रोजगार हमी आधी महाराष्ट्रात येऊनही माहितीच्या हक्काची मागणी राजस्थानातून का उठली? माझ्या मांडणीवरचा हा सर्वांत अवघड आक्षेप. तिकडं या संघटनेच्या अरुणा रॉय आणि सहकारी देवडुंगरी गावात मजुरांमध्येच राहायला गेले, हे एक कारण. दुसरं मला बीडमध्ये दिसतं. इथला मजूर मुकादमाची आगाऊ उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातो. उन्हाळ्यात रोजगार हमीवर राबलेल्या माणसानं मस्टरचा पाठपुरावा करायचा, तेव्हा तो उसाच्या फडात असतो. ही जोड मी लावलेली आहे, पण मला ती पक्की वाटते.

माहिती अधिकार आणि केंद्राची रोजगार हमी एकाच वर्षी, 2005 साली, कायदे झाले. त्या रोजगार हमी कायद्याच्या 17 व्या कलमानं सामाजिक अंकेक्षणासाठी मस्टर ग्रामसभेपुढं ठेवणं बंधनकारक केलं. मस्टर आता ऑनलाइनही दिसतं. तरी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करणाऱ्यानं मस्टरसोबत एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिकाही मागावी आणि कामाची पाहणीही.