मधली पस्तीस वर्षं: मेबॅक, मीरा आणि आजोबांची फियाट

आजच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बसमध्ये हेडफोन लावून बसला असाल तर ऐका, नाहीतर हे वाचा. मजकूर तोच आहे, फक्त माझं खोकणं आणि दर वाक्यातलं 'म्हणजे काय की' काढून टाकलंय.

विषय आहे जुन्या मोटारींचा नाद. त्या घेणं, विकणं, दुरुस्त करणं आणि नुसतं बघत उभं राहणं. सुरुवात अर्थातच कोल्हापूरच्या दसरा चौकातून.

विजयादशमीची संध्याकाळ. चौक खच्चून भरलेला. शमीपूजन व्हायचंय, मग सोनं लुटायचंय. तेवढ्यात गर्दीत एकदम हालचाल होते आणि हजारो मोबाईल वर जातात. भगव्या रंगाची, लांबलचक नाकाची एक मोटार हळूहळू आत येते. तिच्यात छत्रपती घराण्यातली मंडळी. ही कोल्हापूर संस्थानची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली गाडी.

आपण सगळे तिचे फोटो काढतो, स्टेटसला टाकतो. पण एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ही गाडी टिकली कशी? आणि आपल्या आजोबांची फियाट का नाही टिकली? 'ते राजे होते म्हणून' हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. कारण राजांच्याही कितीतरी गाड्या गेल्या. कशा गेल्या ते बघू.

आधी मेबॅक म्हणजे काय?

आज मेबॅक म्हटलं की मर्सिडीजची सगळ्यात महागडी गाडी डोळ्यांपुढे येते. मूळ गोष्ट वेगळी आहे. विल्हेल्म मेबॅक हा जर्मन इंजिनिअर. पहिली मर्सिडीज घडवण्यात त्याचा मोठा हात होता. १९०९ मध्ये त्याने आणि त्याचा मुलगा कार्ल याने झेपेलिन, म्हणजे त्या अवाढव्य हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवणारी कंपनी काढली. पहिलं महायुद्ध संपलं, विमानाची इंजिनं बनवायला जर्मनीला बंदी आली, मग ही मंडळी मोटारींकडे वळली. पहिली मेबॅक गाडी १९२१ मध्ये लोकांपुढे आली.

गंमत म्हणजे कंपनी बहुतेक वेळा फक्त चेसिस आणि इंजिन द्यायची. वरची बॉडी वेगळ्या कारागिरांकडून गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधून घ्यायची, म्हणजे शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवतात तसंच. दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळ्या मिळून साधारण १८०० मेबॅक गाड्या बनल्या. मग युद्ध आलं आणि कंपनी रणगाड्यांची इंजिनं बनवायला लागली. युद्धानंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. १९६० मध्ये कंपनी डाइमलर-बेंझने घेतली.

आता हिशेब करा. कोल्हापूरची गाडी जेमतेम दहा वर्षांची असेल, तेव्हाच तिला बनवणाऱ्यांनी मोटारींचं दुकान बंद केलेलं. १९४० मध्ये राजाराम महाराज गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आणि १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन सगळ्याच संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्या काळात ती गाडी 'अँटिक' वगैरे नव्हती. ती नुसती जुनी होती, पेट्रोल पिणारी आणि पार्ट न मिळणारी.

हा नाद सुरू कुठे झाला?

जुन्या गाडीला मान द्यायचा हा प्रकार इंग्लंडमध्ये मूळ धरला. १४ नोव्हेंबर १८९६ ला मोटारींवरची जाचक बंधनं सैल झाली, त्या आनंदात लोकांनी लंडन ते ब्रायटन गाड्या पळवल्या. पुढे १९२७ मध्ये कुणाला तरी वाटलं, त्याच रस्त्यावर त्या काळातल्या गाड्या पुन्हा चालवून बघू. लोक हसले. तीस वर्षांपूर्वीची खटारी! पण अधली-मधली काही वर्षं सोडली तर ती दौड आजही चालू आहे आणि १९०५ च्या आधीच्या गाड्यांनाच तिच्यात घेतात. १९३४ मध्ये 'व्हिंटेज' गाड्यांसाठी तिथे वेगळा क्लब निघाला. त्यांच्या लेखी व्हिंटेज म्हणजे १९३० पर्यंतची गाडी.

आपल्याकडे १९६४ पासून 'स्टेट्समन' वृत्तपत्राने दिल्लीत जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. तेव्हा कुठे लोकांना कळायला लागलं, की गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली जे पडलंय त्याला काही किंमत असू शकते.

पण ते आपल्या आधी परदेशी खरेदीदारांना कळलेलं होतं. तनखे आटत गेले, कर वाढले, राजवाडे सांभाळणं जड झालं. रोल्स-रॉइस, डेमलर, लँचेस्टर गाड्या एकेक करून निघाल्या. कलकत्त्याच्या एका इंग्रज इंजिनिअरने १९१० मध्ये हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली होती. ती पुढे नाभा संस्थानाने घेतली. आज ती बघायची तर नेदरलँड्समधल्या लूमन म्युझियमला जावं लागतं. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ ची रोल्स-रॉइस, 'स्टार ऑफ इंडिया', तीही परदेशी गेली. ती मात्र त्याच घराण्याने कित्येक दशकांनी विकत घेऊन परत आणली. तिच्यासारखं नशीब फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला आलं.

म्हणजे बघा, पैसा होता तिथेही गाड्या गेल्या. कारण मधल्या वर्षांत त्यांचा काहीच उपयोग नव्हता. कोल्हापूरच्या मेबॅकला दसऱ्याचा मान आहे. वर्षातून एकदा तरी ती सुरू व्हावीच लागते, चौकापर्यंत जावीच लागते आणि सगळं गाव तिची वाट बघतं. माझ्या मते, ज्या गाडीला काम असतं तिची बॅटरी कुणीतरी बघतं, तिचं ऑइल कुणीतरी बदलतं. काम नसलेल्या गाडीत उंदीर घरटी करतात.

आणि इचलकरंजीची मीरा

याच जिल्ह्यातली दुसरी गाडी. हिचं नाव किती जणांनी ऐकलंय?

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी स्वातंत्र्याच्या आसपास ठरवलं, की सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार आपणच बनवायची. १९४९ मध्ये त्यांचं पहिलं मॉडेल रस्त्यावर आलं. मग सुधारत सुधारत पुढची दोन दशकं ते एकेक नवीन नमुना करत राहिले. गाडीचं नाव मीरा. इंजिन मागे, वजन कमी आणि किंमत साधारण १२,००० रुपये ठेवायचा विचार. टाटांच्या नॅनोच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे!

पण तो लायसन्सचा जमाना. मोटार कुणी बनवायची हे दिल्लीत ठरायचं. देशात हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड या मोजक्या कंपन्यांच्याच गाड्या दिसायच्या. मीराचा कारखाना काही उभा राहिला नाही.

जुन्या गाड्यांच्या नादात हे महत्त्वाचं का? कारण हजारो गाड्या बनल्या तर त्यातल्या शंभर टिकतात. चार-पाचच बनल्या तर प्रत्येक जपावी लागते. मेबॅकचं मोल जर्मनीला माहीत आहे. मीराचं मोल आपणच ठरवायचं, ते दुसरं कोण ठरवणार?

पंधरा आणि पन्नास

आता कायद्याचं बघू, कारण खरी मेख इथे आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदाच व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबर प्लेटमध्ये 'व्हीए' अक्षरं येतात. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. चांगला नियम आहे, नादिष्ट लोकांना निदान कागदावर ओळख तरी मिळाली.

पण खासगी गाडीची पहिली नोंदणी असते १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढली. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी 'जुनी' होते आणि पन्नासाव्या वर्षी 'वारसा' होते. मधली पस्तीस वर्षं ती कुणाचीच नसते. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिवाच्या हिशेबाने ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक ठरते. आपल्याकडे तिला अजून वीस वर्षं काढायची असतात.

आता प्रीमियर पद्मिनीच बघा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी बनू लागली, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. स्टेअरिंगजवळ गिअरचा दांडा, पुढे सलग बाकासारखी सीट, दाराला छोटी तिकोनी काच. आपल्या किती आया-आज्यांची वरात त्या गाडीतून आली असेल! २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली.

१९८५ ची पद्मिनी व्हिंटेज व्हायला २०३५ उजाडावं लागेल. तोवर भंगारवाला चार वेळा दारात येऊन जातो. आणि चौथ्या वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, 'जाऊ दे की आता, जागा तरी मोकळी होईल.'

पार्ट मिळत नाही? लेथ आहे ना!

इथे कोल्हापूरकडे एक गोष्ट आहे, जी भल्या भल्या शहरांकडे नाही.

या गावाला परदेशी यंत्र उघडून बघायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. ऊस आला तसे चरक आले, नदीचं पाणी उचलायला ऑइल इंजिनं आली, आणि ती दुरुस्त करता करता शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आज देशभरातल्या मोटार कंपन्यांना लागणारं ओतकाम या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमधून जातं.

जुन्या गाडीवाल्याला याचा अर्थ काय? बुश झिजलं, तर नमुना दाखवून पितळी बुश लेथवर कातून घेता येतं. इंजिनाला बोअर करून स्लीव्ह घालता येते. एखादा ब्रॅकेट तुटला तर पॅटर्न करून नवा ओतता येतो. लंडनच्या नादिष्टाला ज्यासाठी महिनाभर थांबून भरमसाट पैसे मोजावे लागतात, ते काम इथला एखादा मेस्त्री चहा गार व्हायच्या आत समजून घेतो.

मात्र तो मेस्त्रीही मधल्या वर्षांतलाच आहे. कार्बोरेटर कानाने ऐकून लावणारा, पॉइंटची फट अंदाजाने ओळखणारा माणूस आज साठीच्या पुढे आहे. त्याच्या पोराने सीएनसी शिकलंय, आणि बरोबरच केलंय. पण गाडी ठेवली आणि हा हात गेला, तर गाडी फक्त शोभेची उरते.

घ्यायचीच असेल तर

मला दर वेळी विचारता म्हणून थोडक्यात सांगतो.

एक, गाडीच्या आधी कागद बघा. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः डोळ्यांनी वाचा. नंबर पुसट असेल, घासलेला असेल, तर नमस्कार करून निघा. मालक वारलेले असतील तर वारसांची कागदपत्रं आधी होऊ द्या, ॲडव्हान्स नंतर.

दोन, रंग बघू नका, गंज बघा. पायाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ. इंजिन दुरुस्त होतं. सडलेली बॉडी खिसा रिकामा करते.

तीन, काय गायब आहे त्याची यादी करा. लोखंडी पार्ट बनवता येतो, पण मूळ काच, मीटर, क्रोमच्या पट्ट्या, रबर ही खरी डोकेदुखी.

चार, नफ्यासाठी घेऊ नका. २०२२ मध्ये १९५५ ची एक मर्सिडीज साडेतेरा कोटी युरोला विकली गेली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तशा गाड्या जगात दोनच बनल्या होत्या. आपल्या पद्मिनीत तसलं काही व्हायचं नाही. तिच्यात मिळतो तो रविवार सकाळचा आनंद. आणि रंकाळ्यावर गाडी उभी केली की कुणीतरी अनोळखी काका येऊन बॉनेटवर हात ठेवतात, 'आमच्याकडं होती ही' म्हणतात आणि अर्धा तास बोलत बसतात.

पाच, विकायची वेळ आली तर भंगारवाल्याच्या आधी नादिष्टाला विचारा. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, गाडी जिवंत राहील.

तर मंडळी, मेबॅक तिची मधली वर्षं पार करून आली, म्हणून आज आपण तिच्यासाठी मोबाईल वर करतो. तिलाही एकेकाळी कुणीतरी खटारा म्हटलं असेलच. आज तुमच्या गल्लीत, मामाच्या गोठ्यात, वाड्याच्या मागे जी गाडी पडली आहे, ती याच वर्षांतून जात असेल.

या आठवड्यात एकच काम करा. घरच्या मोठ्या माणसांना विचारा, आपली पहिली गाडी कोणती होती, तिचा नंबर काय होता आणि ती कुठे गेली. फोटो असेल तर मोबाईलमध्ये नीट काढून ठेवा, मागे तारीख आणि नाव लिहा. गाडी वाचली नसेल तर निदान तिची गोष्ट तरी वाचू दे. आणि गाडी अजून असेल तर आधी तिच्या टायरमध्ये हवा भरा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि हो, बॅटरी उतरू देऊ नका!