कैद्याची मजुरी आणि पीडिताचें देणें

घर फुटतें, चोर सांपडतो, न्यायाधीश शिक्षा सांगतात आणि तुरुंगाचा दरवाजा बंद होतो. सरकारच्या दप्तरीं प्रकरण मिटतें. परंतु ज्याचें घर फुटलें तो रिकाम्या पेटीपुढें तसाच बसलेला असतो. खटल्यांत त्याचें स्थान साक्षीदाराचें, आणि दंड झालाच तर तोहि बहुधा सरकारी तिजोरींत जातो.

पूर्वीं असें नव्हतें. चोरांनीं नेलेलें धन राजानें ज्याचें त्यास परत द्यावें, असें मनुस्मृति सांगते. तें न सांपडल्यास राजानें स्वतःच्या कोशांतून भरून द्यावें, असें गौतमधर्मसूत्राचें म्हणणें. मराठी मुलखांत हा दंडक गांवापर्यंत पोंचला होता. गांवची राखण करणाऱ्या रामोशानें चोराचा माग काढावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें, अशी रूढि होती. इंग्लंडांतहि सॅक्सन राजांच्या कायद्यांत जखमेचें आणि मनुष्यवधाचें मोल ठरलेलें असे, व तें पीडितास किंवा त्याच्या आप्तांस मिळे. पुढें राजसत्ता प्रबळ झाली, अपराध हा राजाच्या शांततेचा भंग मानला जाऊं लागला, आणि देण्याचा मूळ धनी मागें पडला. एकोणिसाव्या शतकांत तुरुंगवास हीच मुख्य शिक्षा झाल्यावर तर देणेकऱ्याचे कमावते हातच अडकून पडले.

ही अडचण दूर करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें १९७२ सालीं केला. मिनियापोलिस शहरीं त्यानें एक भरपाई-केंद्र काढलें. मालमत्तेचे गुन्हे केलेल्या निवडक कैद्यांस सुमारें ४ महिने तुरुंगांत काढल्यावर तेथें राहावयास आणीत. कैदी व पीडित समोरासमोर बसून किती रक्कम आणि कशी फेडावयाची याचा करार करीत. मग कैद्यानें बाहेर नोकरी करावी, रात्रीं केंद्रांत परतावें आणि पगारांतून हप्ते भरावे, असा क्रम असे. १९७४ सालीं कॅनडांतील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं एका रात्रींत २२ ठिकाणीं नासधूस केली. न्यायालयानें त्यांस तुरुंगांत न धाडतां पीडितांच्या दारीं धाडलें, आणि कांहीं महिन्यांतच त्यांनीं नुकसानीची भरपाई केली.

भारतांत हा प्रश्न निराळ्या वाटेनें पुढें आला. सक्तमजुरीच्या कैद्यांस कामाचा मोबदला किती द्यावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें होता. १९९८ च्या निकालांत न्यायमूर्ति के. टी. थॉमस यांनीं कैद्यांस न्याय्य मोबदला मिळावा असें सांगितलें. अन्नवस्त्राचा खर्च त्यांतून वजा करण्याची मुभा राज्यांस दिली. आणि मोबदल्याचा कांहीं भाग पीडितांसाठीं राखून, तो थेट किंवा समाईक निधींतून पोंचविण्याचा कायदा राज्यांनीं करावा, असें सुचविलें.

कैद्याचा हक्क आणि पीडिताचा हक्क हे एकमेकांचे वैरी, असा सर्वसाधारण समज आहे. या निकालानें दोन्ही एकाच मजुरीच्या हिशेबांत बसविले. ज्या कैद्यास दिवसाकाठीं नाममात्र पैसे मिळतात, त्याच्यापासून पीडितास काय मिळणार? त्या मिळकतीवर त्याच्या घरच्या बायकामुलांचाहि डोळा असतो. शिवाय कांहीं हानि अशी असते कीं, जन्मभराच्या मजुरीनें ती भरून निघत नाहीं. म्हणूनच २००८ च्या दुरुस्तीनें फौजदारी प्रक्रिया संहितेंत पीडितांसाठीं सरकारी भरपाई-योजनेची तरतूद झाली, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेंहि ती कायम ठेवली.

सरकारनें दिलेल्या पैशानें पीडिताचा संसार सांवरतो, आणि तें अवश्य व्हावें. तथापि अपराध्याच्या मजुरींतून आलेली लहानशी रक्कम आणखी एक गोष्ट सांगते: ज्यानें नुकसान केलें, त्यानें तें आपलें देणें म्हणून ओळखलें आहे. तिजोरींतून कितीहि रक्कम आली तरी ही कबुली तिच्याबरोबर येत नाहीं.