पाण्याखाली उतरलेली मोटर

१/ मासेमारीच्या वेळी लहान नाव आवाज न करता संथपणे सरकवणाऱ्या विजेच्या मोटरीस ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. बंद पडलेली अशी मोटर उघडली, की पुष्कळदा आतून तांबूस, गंजट पाणी वाहू लागते. पाण्यात चालण्यासाठीच घडवलेल्या यंत्रात पाणी शिरावे कसे? उत्तरासाठी जवळजवळ दोन शतके मागे जावे लागेल.

२/ १८३८. सेंट पीटर्सबर्ग. मोरित्झ याकोबी या जर्मन वंशाच्या शास्त्रज्ञाने झार पहिल्या निकोलसच्या आश्रयाने नेवा नदीवर विजेची नाव चालवली. मोटर नावेच्या आत होती. पाणी कापत होती ती पात्यांची चाके. त्या काळी खरी अडचण बॅटरीची होती. तिच्यात खर्ची पडणारे जस्त वाफेच्या इंजिनातील कोळशाहून फार महाग पडे.

३/ १८८१. पॅरिस. ग्युस्ताव्ह त्रुव्हे याने सीन नदीवर ‘ल तेलेफोन’ ही छोटी नाव चालवली. त्याची मोटर सुकाणूच्या माथ्यावर बसवलेली होती, आणि तिची गती साखळीने खालच्या पंख्यापर्यंत पोहोचे. सुकाणूसकट सारे उचलून घरी नेता येई. पंखा पाण्यात, मोटर मात्र कोरडी.

४/ १९३४. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातले फार्गो. ओ. जी. श्मिट याने फोर्ड ‘मॉडेल ए’ मोटारगाडीचा स्टार्टर घेतला, त्याला लवचीक शाफ्ट आणि पंखा जोडला. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या शेजारी राज्यांच्या नावांवरून त्याच्या कंपनीचे नाव पडले ‘मिन कोटा’.

५/ पुढे रचनाकारांनी मोटरच पाण्याखाली, पंख्याला लागून असलेल्या कवचात उतरवली. साखळी गेली, आवाज घटला, भोवतालचे पाणी मोटरीला थंड ठेवू लागले. मोबदल्यात एक धोका पत्करावा लागला. फिरता शाफ्ट कवचातून बाहेर येतो तेथे फट राहतेच, आणि ती रबरी सीलने राखावी लागते.

६/ कवचाचे न फिरणारे सांधे राखते ती ‘ओ-रिंग’. तिचे पेटंट डॅनिश-अमेरिकन यंत्रज्ञ नील्स क्रिस्टेन्सन याला १९३९ मध्ये मिळाले. अर्ज केला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने हे पेटंट युद्धोपयोगी ठरवून ताब्यात घेतले आणि ती रिंग घडवण्याची मुभा इतर उत्पादकांना दिली.

७/ आता उघडलेल्या मोटरीकडे पुन्हा पाहू. गळाची दोरी पंख्यामागे शाफ्टला गुंडाळली जाते आणि सीलची कड हळूहळू कापते. चालून तापलेली मोटर थांबली, की गार पाण्यात आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग बेअरिंग गंजतात, कॉम्युटेटरवर काळा थर चढतो, कार्बन ब्रश अडकतात.

८/ दुरुस्तीचा क्रम असा: प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. पाणी खारे असेल तर आतले भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत. कॉम्युटेटर साफ करावा, झिजलेले ब्रश आणि गंजलेली बेअरिंग बदलावीत, वाइंडिंगचा कवचाशी विद्युत्-संपर्क होत नाही ना, हे मीटरने तपासावे. शेवटी शाफ्टचे सील आणि ओ-रिंग नव्या घालाव्यात.

९/ पुष्कळ जण ही शेवटची पायरी गाळतात. साफ केलेली मोटर लगेच फिरू लागते, त्यामुळे काम झालेसे वाटते. पण पाण्याची वाट तशीच उघडी असते, आणि काही दिवसांत तीच मोटर पुन्हा बंद पडते. त्रुव्हेने मोटर वर ठेवून जो प्रश्न टाळला, तो आपण तिला पाण्याखाली नेऊन स्वीकारला आहे. त्याचे उत्तर म्हणून हाती आहे ते रबराचे एक छोटे कडे. मोटर मिटण्यापूर्वी ते बदलायला विसरू नये.