थिबाचा राजवाडा : जुन्या वास्तूंचा नवा संसार

रत्नागिरी शहराच्या कडेला, भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या उंचवट्यावर, लाल जांभ्याची एक तीन मजली वास्तु उभी आहे. गांवांत तिला थिबा राजवाडा म्हणतात. नवखा प्रवासी तेथें जातो तो बहुधा ब्रह्मदेशच्या एका पदच्युत राजाची करुण कथा ऐकण्यासाठीं. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्या वाड्यापुढें उभें राहिलें असतां वेगळाच प्रश्न पडतो. ज्या माणसासाठीं हें घर बांधलें तो गेला, त्याचें राज्य तर त्यापूर्वींच गेलें होतें, आणि त्याचा परिवारहि पांगला. मग अशा घराचें काय करावें? पाडून टाकावें, कुलूप लावून ठेवावें, कीं त्याला दुसरें कांहीं काम द्यावें? जुन्या इमारतींची दुरुस्ती करून त्या नव्या उपयोगास लावणें हा आज वास्तुशिक्षणांतील एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. त्या विषयाचा पहिला धडा गिरविण्यास थिबाच्या घराइतकें बोलकें उदाहरण कोंकणांत दुसरें क्वचितच मिळेल.

थिबा १८७८ सालीं मंडालेच्या गादीवर आला. उत्तर ब्रह्मदेशांतील सागवानाचीं जंगलें तोडण्याचा मक्ता ‘बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या कंपनीकडे होता. कंपनीनें ठरल्यापेक्षां अधिक लाकूड बाहेर नेलें असा ठपका ठेवून दरबारानें १८८५ मध्यें तिला जबर दंड केला, आणि इंग्रज सरकारला युद्धासाठीं तेवढें निमित्त पुरलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फौजा इरावतीवरून मंडालेस पोहोंचल्या. २९ नोव्हेंबर रोजीं राजानें शरणागति पत्करली. रंगून आणि मद्रास या मार्गानें त्याला १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीस आणण्यांत आलें. मागें सह्याद्रि, पुढें समुद्र, आगगाडी नाहीं आणि पावसाळ्यांत आगबोटहि बंद! राजबंद्याला ठेवण्यास याहून सोयीची जागा सरकारला कोठें मिळणार?

दैवाची गति अशी कीं, मंडालेचा राजा रत्नागिरीस बंदींत असतां रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ सालीं शिक्षा झाली, आणि पुढें त्यांना ठेवलें तें मंडालेच्या तुरुंगांत. एका गांवानें दुसऱ्या गांवाचा माणूस सांभाळावा, अशी ही विलक्षण अदलाबदल होती.

पहिलीं चोवीस वर्षें थिबाचा संसार सरकारनें नेमून दिलेल्या बंगल्यांत झाला. त्याच्यासाठीं बांधलेला वाडा पुरा होऊन तो तेथें राहावयास गेला १९१० सालीं. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनीं, १९१६ च्या डिसेंबरांत, त्याचा अंत झाला. १९१९ मध्यें राणी सुपयालत ब्रह्मदेशास परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हां रत्नागिरीस आली आणि हालअपेष्टांत दिवस काढून १९४७ सालीं येथेंच वारली. ज्यांच्यासाठीं वाडा उभारला त्यांना तो पुरतें एक दशकहि लाभला नाहीं. वाड्याला मात्र त्यांच्यामागून शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभलें आहे.

हें आयुष्य त्याला कशानें मिळालें? पहिलें उत्तर त्याच्या अंगांतच आहे. जांभा दगड खाणींतून निघतांना इतका मऊ असतो कीं कुऱ्हाडीसारख्या हत्यारानें त्याचे चिरे घडवितां येतात. वारा आणि ऊन लागलें कीं तो घट्ट होत जातो. बुकानन या स्कॉटिश संशोधकानें १८०७ सालीं मलबारांत पाहिलेल्या याच दगडास लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. हा दगड सच्छिद्र असतो. रत्नागिरींत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हां भिंत पाणी पिणार हें गृहीत धरूनच जुना गवंडी काम करी. उतरतीं कौलारू छपरें, बाहेर आलेल्या वळचणी, उंच जोतें आणि चुन्याचे सांधे ही त्याची योजना. भिंतींत शिरलेलें पाणी चुन्याच्या वाटेनें पुन्हां हवेंत निघून जाई. थिबाच्या वाड्यांतील कोरीव कामाच्या अर्धवर्तुळाकार लांकडी खिडक्या आणि पहिल्या मजल्यावरील संगमरवरी फरशीचें नृत्यदालन पाहून प्रेक्षक हरखून जातो. पण वाडा उभा राहिला आहे तो या साध्या योजनेच्या बळावर.

दुसरें उत्तर असें कीं वाड्याला काम मिळत गेलें. स्वातंत्र्योत्तर काळांत कांहीं वर्षें तेथें शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. प्रशस्त दालनें आणि मुबलक उजेड हे गुण राजाच्या सोयीसाठीं योजले होते, तेच विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले. पुढें राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखालीं तेथें संग्रहालय झालें. राहतें घर, शाळा आणि संग्रहालय हीं एकाच वास्तूचीं तीन रूपें होत. परंतु प्रत्येक रूपाची मागणी निराळी असते. शाळेला विजेच्या तारा, नळ आणि आडभिंती लागतात, आणि शेंकडों पावलांचा भार जिन्यांना सोसावा लागतो. संग्रहालयाला कोरडेपणा हवा, आणि रत्नागिरीच्या श्रावणांत तोच दुर्मिळ. म्हणून अभ्यासकानें आधीं विचारावयाचें तें हें कीं या घराला काय सोसेल. आपल्याला काय हवें, हा प्रश्न त्यानंतरचा.

हा विचार स्वतः थिबाच्या देशांत मुळींच नवा नव्हता. त्याचे वडील मिंडॉन यांनीं १८५७ च्या सुमारास अमरपूरहून राजधानी हलविली, तेव्हां तेथील राजवाड्याच्या सागवानी इमारती सुट्या करून मंडालेस आणून पुन्हां उभारल्या. १८७८ सालीं मिंडॉन राजे ज्या दालनांत वारले, तें दालनच थिबानें राजवाड्यांतून उतरविलें आणि तटाबाहेर भिक्षूंसाठीं विहार म्हणून पुन्हां बांधलें. वडिलांचा आत्मा तेथें वावरतो अशी त्याची समजूत होती असें सांगतात. कारण कांहींहि असो, परिणाम मोठा झाला. १९४५ च्या मार्च महिन्यांत लढाईच्या धुमाळींत मंडालेचा लांकडी राजवाडा जळून खाक झाला. तटाबाहेर गेलेला तो विहार तेवढा वांचला. मिंडॉनच्या राजवाड्यांतील कोरीव काम कसें होतें हें आज पहावयाचें असेल, तर त्या विहारांतच जावें लागतें.

त्याच राजवाड्यानें अयोग्य उपयोगाचाहि नमुना दाखविला आहे. राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांनीं तेथें लष्करी ठाणें केलें, सिंहासनाच्या दालनांत ख्रिस्ती प्रार्थना चालू केली आणि राणीच्या दरबारी दालनांत गोऱ्या साहेबांचा क्लब थाटला. १९०१ सालीं लॉर्ड कर्झन तेथें गेला, तेव्हां त्यालाहि हें खटकलें आणि क्लब व प्रार्थनामंदिर बाहेर हलविण्याचा हुकूम त्यानें दिला. छप्पर गळत नव्हतें, जागा वापरांत होती, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीनें सारें ठीकच होतें. तरीहि तेथें कांहीं तरी मोडत होतें. वास्तूची प्रतिष्ठा हाहि तिच्या बांधकामाचाच एक भाग आहे, आणि तो नकाशांत दिसत नाहीं.

उलट बाजूचें उदाहरण पुण्यांत आहे. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा पेशवाई बुडाल्यावर ओस पडावयाचा. पण १८२१ सालीं तेथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली. विलासी पेशव्याच्या वाड्यांत शास्त्राध्ययन सुरू व्हावें यांत विरोध होता, विटंबना नव्हती. १८७९ च्या आगींत वाड्याचा कांहीं भाग जळाला, तो पुन्हां उभारण्यांत आला. पुढें तेथें हायस्कूल भरलें, नगरपालिकेची कचेरी आली. सुरूच्या आकाराचे नक्षीदार सागवानी खांब मात्र जागच्या जागीं राहिले. शेजारच्या बुधवार वाड्याचें नांवच तेवढें उरलें आहे.

या प्रश्नावर युरोपांत एकोणिसाव्या शतकांत मोठा वाद माजला होता. फ्रान्सचा व्हियोले-ल-द्यूक म्हणे, जीर्ण इमारतीला पूर्णत्व द्यावें, मग तें पूर्वीं कधीं नसलें तरी चालेल. इंग्लंडचा रस्किन यालाच वास्तूचा सर्वनाश म्हणे. त्याच्या विचारानें भारलेल्या विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापिलें आणि रोजच्या देखभालीनें झीज टाळावी हा मंत्र दिला. १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं सनद तयार केली. तिनें समाजोपयोगी काम दिल्यास स्मारकाचें रक्षण सुलभ होतें हें मान्य केलें, पण त्यापायीं वास्तूची मांडणी आणि अलंकरण बदलूं नये अशी मर्यादाहि घातली.

मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत वास्तुविभागाचे प्रमुख क्लॉड बॅटली यांनीं या शतकापूर्वींच्या शतकांत, १९२३ ते १९४३ या काळांत, विद्यार्थ्यांना जुन्या हिंदी इमारतींचीं मापें घेऊन नकाशे काढावयास लावलें. त्या नकाशांचा संग्रहहि पुढें प्रसिद्ध झाला. मापें घेणें हें काम दिसावयास रुक्ष. परंतु फूटपट्टी घेऊन तुळईखालीं उभा राहिलेला विद्यार्थी पाहतां पाहतां शिकतो कीं तुळई कोठें वाकली, ओल कोणत्या कोपऱ्यांतून चढते, वाळवीनें कोणता खांब पोखरला, आणि कोणती भिंत मूळची व कोणती मागाहून घातलेली. कोऱ्या कागदावर नवें घर रेखाटणाऱ्याला ही शिस्त आपोआप लाभत नाहीं.

दुरुस्तींत सर्वांत मोठा अपराध घडतो तो सद्‌भावनेनेंच. जांभ्याच्या भिंतीचे सांधे झिजलेले दिसले कीं मजबुतीसाठीं म्हणून सिमेंट भरलें जातें. सिमेंट दगडापेक्षां कठीण आणि पाण्याला अभेद्य. त्यामुळें आंत कोंडलेली ओल दगडांतूनच वाट काढते आणि चिऱ्याचें तोंड भुगा होऊन गळूं लागतें. जुनी रीत याच्या उलट. चुना भिजवावा, वाळूबरोबर घाणींत मळावा, गूळ-हिरड्याचें पाणी घालावें आणि सांधा दगडाहून मऊ ठेवावा. झिजला तर सांधा झिजेल, दगड राहील. या रीतीला वेळ लागतो आणि जाणता गवंडी लागतो. तो गवंडी आतां विरळा झाला आहे. वाडा पडण्यापूर्वीं त्याची विद्या पडते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

टिळकांचें जन्मस्थान म्हणून रत्नागिरींत एक साधें कौलारू घर जतन केलें आहे. टिळकांचें कुटुंब तेथें भाड्यानें राहत असे. राजाचा वाडा आणि शिक्षकाचें बिऱ्हाड हीं दोन्हीं आज सरकारी देखरेखीखालीं सुरक्षित आहेत. परंतु त्या दोहोंच्या मध्यें जीं शेंकडों घरें आहेत, ज्यांना ना राजा लाभला ना लोकमान्य, त्यांचा निकाल त्यांच्या मालकांच्या हातीं आहे. मुलें मुंबईस, घराला कुलूप, दोन पावसाळ्यांत कौलें सरकतात आणि तिसऱ्यांत वासे कुजतात. मग पाडण्याखेरीज उपाय राहत नाहीं. अशा घराच्या ओसरीवर एखादें वाचनालय, दवाखाना किंवा शिवणवर्ग आला, तर निदान सकाळीं कोणी दार उघडील आणि फुटलेलें कौल त्याच दिवशीं बदललें जाईल. थिबाचा वाडा ज्या देखभालीनें टिकला, तीहि मुळांत एवढीच होती.